हवेत दाबलेली छाती

दचकू नका मित्रांनो, मीच बोलतोय. मी एक जुना व्हीआर चष्मा आहे. आमच्यात बॅटरी दोनदा बदलली की म्हातारपण आलंच म्हणायचं! कारखान्यातून निघालो तो थेट नर्सिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. काय थाट होता माझा! मला डोळ्यांवर चढवलं की समोर आजारी माणूस दिसायचा. मुली हवेत हात हलवून त्याला इंजेक्शन द्यायच्या, छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालू करायच्या. पाहुणे आले की प्राचार्य आधी मलाच दाखवायचे. आधी ज्याची छाती दाबून सराव व्हायचा, त्या कोपऱ्यातल्या रबरी पुतळ्याला मात्र कुणी विचारेनासं झालं.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझी फार लाडकी. हृदय चालू करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी तिला दर वेळी पैकीच्या पैकी गुण द्यायचो.

त्या दुपारी तिने मला नुकतंच कपाळावर सरकवलं होतं, म्हणून माझ्या कॅमेऱ्यांना सगळं दिसलं. आम्हाला रोज पुसून चार्जिंगला लावणारे शिपाईमामा वायर गुंडाळता गुंडाळता धाडकन कोसळले. श्वास नाही, नाडी नाही!

"मामा!" ती धावली. मैत्रिणीला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगून गुडघ्यांवर बसली. हात अचूक जागी ठेवले, ताल धरला. मी म्हटलं, आता काळजी नको. पण छातीच हलेना! अहो, ती हवेत दाबावं तशी अलगद दाबत होती. माझ्या जगात हात खाली गेला की छाती आपोआप खाली जायची. जोर लागतो, हे मलाच कुठे ठाऊक होतं?

आरडाओरडा ऐकून तिला शिकवणाऱ्या मॅडम धावत आल्या. "अगं, गोंजारतेस काय? सरक!" त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला. कडकन आवाज झाला. मी हादरलो, पण त्या थांबल्या नाहीत. शेवटी मामांनी घशातून श्वास ओढला.

मित्रांनो, मला खुशाल डोळ्यांवर चढवा, नीट पुसून ठेवा. पण जोर शिकायचा तर पुतळ्यावर घाम गाळा. माझं ऐकू नका हवं तर, त्या मुलीचं ऐका.

मामा बरे होऊन कामावर आले, तेव्हा ती दारातच उभी होती.

"तुझ्या मॅडमनी दोन बरगड्या मोडल्या बघ माझ्या," मामा हसत म्हणाले.

ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

"मामा, माझ्या हाताखाली एकही मोडली नसती."