दादाच्या आवाजासाठी एसएसडी

दादा सव्वीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. त्याच्या घशातली गाठ वाईट निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक वाट दाखवली. हजार वाक्यं स्वच्छ रेकॉर्ड करून पाठवायची. एक कंपनी त्यावरून आवाज बनवून देते. मग आपण टाइप करायचं आणि यंत्र आपल्याच आवाजात बोलतं.

पहिल्याच संध्याकाळी गाडं अडलं. जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची घरघर प्रत्येक वाक्यामागे ऐकू येत होती.

"हा तर माझ्याआधीच मान टाकणार," दादा म्हणाला.

नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. मी शाळेतली कॉम्प्युटरची खोली सांभाळते, म्हणून घरात त्यातली जाणकार मी. वासरांत लंगडी गाय शहाणी.

दुकानदाराला मी सांगितलं, हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे आवाजही नाही. त्याने बोटाएवढ्या दोन पट्ट्या काचेवर ठेवल्या.

"एवढीशी?" दादा वाकून बघत म्हणाला. "अख्ख्या स्टँडला पुरणारा आवाज मावेल ना हिच्यात?"

दुकानदार हसला नाही. "ताई, एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. एकीवर काम, दुसरीवर प्रत. हार्ड डिस्क जाण्याआधी बहुतेक वेळा कुरकुर तरी करते. ही सांगून जात नाही."

"मोठीच द्या," मी म्हणाले. "ऐन वेळी जागा कमी पडायला नको." खरं तर मला त्या दुकानातून लवकर बाहेर पडायचं होतं. दादाच्या गळ्यावरच्या सुजेकडे लोक बघत होते.

"ती म्हणेल तसं," दादा म्हणाला.

खिडकीला गोधडी लावून, पंखा बंद करून तो रोज वाचायचा. 'दार लावून घे.' 'मला भूक नाही.' 'हे कुणी केलं?' सातशेच्या पुढे रुमालावर रक्त दिसायला लागलं. मी म्हणायचे, बास आता; तो बोटाने पुढची ओळ दाखवायचा. झालं तेवढं पाठवून देऊ, असंही तो एकदा म्हणाला होता. मीच म्हणाले, सगळं झालं की एकदम पाठवू.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी हजार वाक्यं पूर्ण झाली.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मी ती पाठवायला बसले. कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एवढंच आलं की डिस्क सापडत नाही. दुकानदाराने ती पट्टी तीन यंत्रांत लावून पाहिली, मग हळूच खाली ठेवली.

"नवी बदलून देतो," तो म्हणाला. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. गेलेला डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेनेही तीन आठवड्यांनी हात टेकले. बसस्थानकावर विचारलं, तर दादाचं बोलणं तिथे कधी कुणी साठवलंच नव्हतं.

दादाला सांगितलं तेव्हा तो खाटेवर बसून होता. मांडीवर वही. त्याने लिहिलं, 'सगळी?'

"सगळी, दादा."

त्याने पान उलटून लिहिलं, 'शेवटचं वाक्य फार चांगलं जमलं होतं.'

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "मी वाचते हजार वाक्यं. माझा आवाज घे."

'तुझ्याच आवाजात तुझ्याशी भांडू कसा?' त्याने लिहिलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. माफ केलं का, ते मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

शेवटी कंपनीचा तयार आवाज घेतला. कुणा अनोळखी माणसाचा, नीटनेटका.

आमची आई मावशीकडे असते, तिला डोळ्यांनी दिसत नाही. आवाज गेल्याचं तिला सांगितलं होतं. तिला ते कितपत कळलं, कोण जाणे. नवा आवाज यंत्रात आल्यावर दादाने तिला फोन लावला, टाइप केलं, आणि फोन यंत्राजवळ धरला.

"आई, जेवलीस का?" यंत्र म्हणालं.

"हो, जेवले," आई अदबीने म्हणाली. "आपण कोण बोलताय?"

दादाची बोटं कळांवर तशीच राहिली. मी फोन घेतला.