मशीनला न दिसलेलं

रंजनानं केसांतल्या पिना, कानातलं, मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या, गोकुळच्या हातात दिलं. मुंबईच्या त्या इस्पितळात एमआरआयच्या खोलीत धातूचं काही चालत नव्हतं. सुई नाही, कापाकापी नाही, नुसतं पडून राहायचं, असं गोकुळ पुन्हा पुन्हा समजावत होता. पण तिची भीती वेगळीच होती.

दोन वर्षांपूर्वी, २००४ साली, मोखाड्याच्या बाजारातून परतताना जीप उलटली होती. जामसरच्या अंगणवाडीत तिच्या जोडीनं काम करणारी बायडी त्यात गेली. तेव्हापासून नुसता जीपचा हॉर्न ऐकला तरी रंजनाला घाम फुटायचा. जव्हारच्या डॉक्टरांनी तिला इथं पाठवलं. डॉक्टर प्रतिभा अशाच माणसांच्या मेंदूचा अभ्यास करत होत्या. भीती उठवणारा भाग आणि तिला आवरणारा भाग एकमेकांशी कसे वागतात, ते त्यांना पाहायचं होतं. रंजना हो म्हणाली खरी. पण मेंदूच्या आतलं दिसतं म्हणे. म्हणजे तेही दिसणार. कडेला बसायला भीती वाटते म्हणून तिनंच बायडीला दाराशी बसवलं होतं. हे गोकुळलाही ठाऊक नव्हतं.

मशीन ठकठक करू लागलं. डोळ्यांसमोरच्या आरशात मागच्या पडद्यावरचे चेहरे येऊ लागले, काही शांत, काही भेदरलेले. थांबवायचं असेल तर दाबायला दिलेला रबरी फुगा तिनं घट्ट धरला, पण दाबला नाही.

बाहेर आल्यावर तिनं चाचरत विचारलं, "मॅडम, माझ्या मनातलं दिसलं का सगळं?"

"नाही, रंजनाताई. कुठला भाग कधी जागा होतो आणि कुठल्या भागाबरोबर, एवढंच कळतं. कशामुळे, ते तुम्ही सांगाल तेव्हाच."

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट परतीच्या एसटीत छातीवरचा दगड आणखीच जड झाला. विक्रमगड गेल्यावर तिनं गोकुळला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, सुकरीकडे जाऊन ये.

सुकरी, बायडीची आई, अंगणात नाचणी पाखडत होती. रंजनानं खाली मान घालून सांगून टाकलं. सूप थांबलं. आता ही हाकलून देणार, असं तिला वाटलं.

"मरताना ती काय बोलली?" सुकरीनं विचारलं. दोन वर्षांत तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"बोलली नाही. माझा हात धरून होती."

सुकरीनं सूप बाजूला ठेवलं आणि कुठला हात, ते विचारलं.