माझा धैवत खरवडू नका

मित्रांनो, मी नाशिक रोडच्या वसाहतीतली एक जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम. माझ्या पोटात पितळेच्या स्वरपट्ट्या आहेत. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात. तोच माझा आवाज. त्यातली धैवताची, म्हणजे ‘ध’ची, पट्टी १९७९ च्या एप्रिलमध्ये थोडक्यात वाचली. ती हकीकत सांगायला मी किती उतावीळ आहे म्हणून सांगू!

सुताराने मला सागवानातून घडवलं. लग्नं, बारशी, बुद्धवंदना, मी सगळीकडे वाजले. त्या वर्षी भीमजयंतीला चांगुणाबाई स्वतः रचलेला पाळणा गाणार होत्या. सातपूरच्या कारखान्यात पाळ्या करता करता त्यांनी तो वर्षभर जुळवला होता. मंचावर त्या पहिल्यांदाच उभ्या राहणार होत्या.

आदल्या दिवशी समाजमंदिरात तालीम होती; साथीला जयरामभाऊ होते. लग्नाच्या बँडमध्ये ते नुकतेच कॉर्ड वाजवायला शिकले होते. कॉर्ड म्हणजे काही स्वर एकदम दाबणं. त्यांनी सा, कोमल ग आणि प दाबले. "ही मायनर, जरा उदास, हळवी कॉर्ड. पाळण्याला हीच शोभते."

पण ओळीच्या शेवटी चांगुणाबाई शुद्ध धैवतावर थांबत. माझा पंचम, म्हणजे प, त्याला अगदी खेटून, त्यामुळे दोन्ही स्वर एकमेकांवर घासत.

"वहिनी, पंचमावर उतरा."

"नाय उतरत, भाऊ. माझ्या गाण्यातलं बाळ झोपत नाय, उठतंय."

"मग पाळणा कशाला म्हणता? भोंगा म्हणा!"

"भोंग्यावरच तर उठते मी रोज!"

सगळे हसले. जयरामभाऊ मात्र माझं झाकण उघडू लागले. "पेटीचाही धैवत चढा दिसतोय. पट्टी मुळाशी खरवडतो, म्हणजे उतरेल. नाहीतर ती ओळ गाळा. कार्यक्रम उद्यावर आलाय."

"ओळ गाळली तर मी गातच नाय," चांगुणाबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

तेवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सिंधुबाई पुढे आल्या. "थांबा. खरवडलेलं पितळ परत येत नाही. आधी तपासू."

त्यांनी धैवत एकेका स्वराबरोबर दाबून पाहिला. षड्जाबरोबर तो गोड लागला. पंचमाबरोबर घासला. कोमल गंधाराबरोबर तर प्रश्न विचारल्यासारखा ताणला गेला.

"पट्टी नीट आहे, जयरामभाऊ. आता सा, कोमल ग, प आणि ध, चारही एकदम दाबा."

जयरामभाऊंनी नाइलाजाने चौथं बोट ठेवलं. भाता हलला, आणि माझ्या अंगावर शहारा आला! मायनरचं दुःख तसंच होतं, पण त्यातून कोणीतरी उठून दार उघडल्यासारखं वाटलं. चांगुणाबाईंनी ओळ घेतली. आता त्यांच्या धैवताला माझ्या स्वरांत जागा मिळाली होती.

"अहो, ही तर मायनर सिक्स, सहावा स्वर घातलेली मायनर!" जयरामभाऊ ओरडले. "पुस्तकात पाहिली होती. मला वाटलं, ध चुकून छापलाय!"

"मग, बाळ उठलं का, भाऊ?"

"उठलं, वहिनी. मलाही उठवलंत."

दुसऱ्या दिवशी मैदानात तीच ओळ लोकांनी तीनदा म्हणायला लावली.

पुढे इलेक्ट्रिक कीबोर्ड आले आणि मी समाजमंदिराच्या कपाटात गेले. मित्रांनो, मला अधूनमधून बाहेर काढा, धूळ पुसा. माझा एखादा स्वर खटकला तर लगेच कानस शोधू नका. त्याच्याबरोबर शेजारचे स्वर दाबा, भाता ओढा, नीट ऐका, आणि मग ठरवा.