दुसऱ्या पानावरची वाटी

गायत्रीने सूचनाफलकाच्या काचेला नाक लावून लेखाची शेवटची ओळ उतरवून घेतली आणि वही पटकन पर्समध्ये कोंबली. भोरच्या त्या शाळेत ती आणि मासूमा, दोघी शिक्षिका. मासूमाचा लेख रविवारच्या पुरवणीत आला, तेव्हा रखमाजी शिपायाने ते पान चौकटीत बसेल असं चारी बाजूंनी कापून, खळ लावून सूचनाफलकावर चिकटवलं. आठ दिवस जो तो "वा, मासूमाबाई!" करत होता आणि गायत्रीचा नुसता जळफळाट होत होता.

होणारच! लेखातली वाटी तिच्या आईची होती. उत्रोलीच्या घरी आंबेमोहोर शिजला, की शेजारी वाटीभर भात जायचा. "ज्याच्या घरी वास गेला, त्याच्या घरी वाटी गेली पायजे," असं आई म्हणायची. हे गायत्रीने मधल्या सुट्टीत सांगितलं आणि या बयेने पेपरात छापून आणलं. भात आमचा, ढेकर हिचा!

मासूमाने परवा विचारलंही होतं.

"सगळं वाचलंस का गं?"

"वाचलं की. छान आहे."

मासूमा अजून काही ऐकायला थांबली. गायत्रीने डब्याचं झाकण लावून टाकलं.

लेख वहीत उतरवला त्याच संध्याकाळी एसटी स्टँडजवळ फरहानच्या सायबर कॅफेत बसून तिने एका मराठी संकेतस्थळावर तो अख्खा लेख टाकला, स्वतःच्या नावाने. दोन वर्षं ती तिथे नुसती वाचत होती, कुणी ओळखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौदा जणांनी कौतुक केलं. कॅनडातल्या एकाला तर आई आठवून रडू आलं. गायत्रीने ते पान फरहानकडून छापूनच घेतलं.

तिसऱ्या दिवशी संपादकांचा निरोप आला. "हा लेख छापून आलेला आहे, असं एका वाचकाने कळवलंय. परवानगीशिवाय पुरा लेख इथे ठेवता येत नाही. चार ओळी ठेवा. लेखिकेचं नाव, वर्तमानपत्र आणि तारीख द्या. नाहीतर तुमचं खातं बंद करावं लागेल."

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. नाव द्यायचं जिवावर आलं होतं, पण खातं गेलं तर हे चौदा जणही गेले. शिवाय तारीख कुठून आणायची? ती तर रखमाजीच्या कात्रीत गेली होती. मुकाट्याने ती वाचनालयात गेली आणि पुरवणी काढून बसली.

तारीख वर होती. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'उर्वरित पान २ वर'. रखमाजीने ती ओळ कापून टाकली होती आणि पाठीमागचं दुसरं पान फळ्याला चिकटवलं होतं!

तिने पान उलटलं.

"ही गोष्ट माझी नाही. वाटी उत्रोलीच्या सखूबाईंची. मला ती त्यांच्या लेकीने, माझी मैत्रीण गायत्री हिने सांगितली. तिने लिहिली असती, तर माझ्यापेक्षा चांगली लिहिली असती."

गायत्रीने ते चार वेळा वाचलं. मग फरहानकडे जाऊन लेख काढला, चार ओळी ठेवल्या आणि मासूमाचं पूर्ण नाव टाईप केलं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडण्याआधीच ती म्हणाली,

"मासूमा, दुसरं पान मी काल वाचलं."

"काल? अगं बाई!" मासूमाला हसूच फुटलं. "मला वाटलं, तुझं नाव घातलेलं तुला आवडलं नाही. आठ दिवस मला घास गोड लागला नाही गं."

तिने आपल्या डब्यातली वाटी गायत्रीपुढे सरकवली. गायत्रीने ती हळूच परत तिच्याकडे ढकलली. पर्समधून चौदा जणांच्या कौतुकाचा, मासूमाच्या लेखावर स्वतःचं नाव असलेला तो छापील कागद काढून वाटीशेजारी ठेवला.

"आधी हे वाच," ती म्हणाली. "मग द्यावीशी वाटली, तर दे."

मासूमाने हात पुसले आणि चष्मा लावला.