चौकशीची चौकट

‘दादा, दवाखान्यात मला हाक का नाही मारलीस?’

हा प्रश्न गंधारने अकरा वेळा लिहिला. उत्तर कुणीच दिलं नाही. दर वेळी तो पोचवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला ठाऊक. कसबा पेठेतल्या बापूरावांच्या बांबूकामाच्या दुकानाची मी वेबसाइट. थकलेय, पण सांगते.

मला बनवलं बापूरावांच्या थोरल्या मुलाने, अनिरुद्धने. सुपं, टोपल्या, पडदे यांचे आणि शेवटी स्वतःचा एक, असे फोटो त्याने मुद्दाम हलके करून लावले. साध्या फोनवरही मी पटकन उघडायला हवी होते. खाली चौकशीची चौकट ठेवली. तिच्यात कुणी लिहिलं की मी ते त्याच्या मेलवर टाकायची, आणि दुपारच्या चहाआधी तो उत्तर द्यायचा. चूक एकच केली. मेल, पासवर्ड, माझ्या नावाची म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याची दरवर्षी पैसे भरून करायची नोंद, सगळं एकट्याजवळ ठेवलं.

जूनमध्ये तो दवाखान्यातच तापाने वारला, तेव्हा गंधार बाहेरच्या बाकावर होता. हा गंधार धाकटा भाऊ, आठवीत शाळा सोडलेला, तापट. सांत्वनाचे फोन ऐकवेनात म्हणून तेराव्याला त्याने दादाचा फोन पुलावरून मुठा नदीत फेकला.

लोक लिहीत राहिले. मी टाकत राहिले. उघडणारं कुणी नव्हतं. कोथरूडच्या विजयमालाबाईंनी तिसऱ्यांदा लिहिलं, ‘आपण पडदे विकता, की नुसते फोटो दाखवता? तसं असेल तर फोटो छान आहेत.’ इकडे गिऱ्हाईक का आटलं, हे बापूरावांना कळेना. दुकान बंद करायची भाषा ते करू लागले.

मग माझ्या नावाची मुदत संपली. आठवण करून देणारी पत्रंही त्याच मेलवर पडून होती. एका सकाळी दादाचा फोटो बघायला गंधारने मला उघडलं, तर मी नव्हतेच.

दादाचा नंबर तरी परत मिळेल का, हे विचारायला तो फोन कंपनीच्या दुकानात धावला. तिथल्या ऋतुजाने समजावलं की दादाचा नंबर घरच्यांच्या नावावर करता येईल, त्यावर कोड आला की मेल उघडेल, आणि महिन्याच्या आत पैसे भरले तर वेबसाइटही परत मिळेल.

“फक्त दाखला आणा.”

“कसला?”

“मृत्यूचा.”

तो उठून गेला. पाचव्या दिवशी आला, तेव्हा दाखल्याची घडी घामाने ओली झाली होती.

मेल उघडला. चौकशांचा ढीग, त्यात अकरा त्याच्याच. गिऱ्हाइकांना त्याने एकेक करून लिहिलं, ‘दादा गेला. काम मी करतो.’ विजयमालाबाईंचं उत्तर लगेच आलं, ‘मला माहीत नव्हतं रे. पडदे सावकाश दे.’

मी परत उभी आहे. वेबसाइट ठेवणाऱ्यांनो, एवढंच करा. किल्ली घरात दोघांकडे असू द्या, आणि महिन्यातून एकदा स्वतःच चौकशी पाठवून बघा, ती कुणापर्यंत पोचते.

आपले अकरा प्रश्न गंधारने उघडले नाहीत, पुसलेही नाहीत. दादाच्या फोटोखाली स्वतःचा नंबर घातला. मग वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहिला आणि बापूरावांच्या हातात दिला.

“मला काही झालं तर शोधत बसू नका.”