गाडी चढते का बघायला

गाडी घ्यायची तर फोर बाय फोरच घ्यायची, हे आमच्या घरात ठरलं आणि वाडीतल्या ज्याला त्याला अक्कल फुटली. ज्यांनी जन्मात सायकल घेतली नाय ते मला सांगायला लागले, डिझेलच घे, आखूड गाडी घे, जंगलात वळवायला बरी पडते. शेजारचा नामा तर बोलला, "मागं मालाचा हौदा नको वैनी, शिटा पायजेत. कामाला पण होते, लग्नाला पण जाता येतं." मी म्हटलं, कुणाच्या लग्नाला जायचंय रं तुला, आधी स्वतःचं बघ. मी अशीच बोलते. गेल्या वर्षापासून जरा जास्तच.

मी सुनिता, नवनाथ माझा नवरा. त्याचं नाव घेते म्हणून सासूनं लई वर्षं तोंड वाकडं केलं, पण आमी दोघं खालच्या शाळेत एका वर्गात होतो. त्याच्या नाकातला शेंबूड मी पाह्यलाय, त्याला "अवो" कुठनं म्हणू? तो जंगलातली कामं घेतो. कर्जतपासून खालापूरपर्यंत मुंबईवाल्यांची फार्महाऊस हायत, त्यांना लागून त्यांची स्वतःची झाडी. तिथं वाळलेली झाडं पाडायची, बांबूची बेटं विरळ करायची, पावसाळ्यात रोपं पोचवायची, होळीच्या आधी गवताचे पट्टे साफ करायचे, म्हणजे वणवा लागला तरी पुढं सरकत नाय. हे काम गाडीबिगर होत नाय. आणि तीच गाडी घरची पण. तीच बाजाराला, तीच माहेरी, पावसात पोरांना शाळेत सोडायला पण तीच.

आधी आमचा टेंपो होता, मागच्या दोन चाकांवर ओढणारा. तो नवनाथनं भंगारात दिला. का दिला ते सांगते. सांगताना मला राग येतो, तेव्हा मधे कुणी बोलू नका.

आमच्या वाडीतून डांबरी रस्त्याला लागायचं तर आधी ओढ्यात उतरायचं आणि समोरची चढण चढायची. तिला आमी चिकणी म्हणतो. सगळी चिकणमाती. उन्हाळ्यात दगड, आणि श्रावणात लोणी. गेल्या श्रावणात सकाळच्या पारी माझ्या रोहिणीला बांबूच्या ढिगाशी घोणस चावली. सहावीत होती माझी पोर. "आये, पायाला काय तरी चावलं गं," एवढंच बोलली, रडली पण नाय. ढिगाखाली शिरताना मी ती घोणस बघितली.

नवनाथनं तिला उचलून टेंपोत पुढं माझ्या मांडीवर दिलं. तवर आमचे चुलत सासरे पोशाकाका बांबू आणि चादर घेऊन धावत आले होते. पावसाळ्यात आमच्याकडं आजारी माणसाला असंच नेतात, चादरीची झोळी बांबूला बांधायची, चौघांनी खांदा द्यायचा आणि पळत सुटायचं. काका बोलले, "नवनाथ, खांद्यावर नेऊ रं. चिकणी वली हाय." नवनाथ बोलला, "दारात गाडी असताना पोरीला झोळीत कशाला?" कुणीही बाप हेच बोलला असता.

टेंपो अर्ध्या चढणीवर गेला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. आता रिकामा टेंपो चढेना की आमची माणसं काय करतात, तर मागं वजन घालतात. मागची चाकं दाबली गेली की ती माती धरतात. लाकडं भरलेला टेंपो चढतो आणि रिकामा घसरतो, हे आमच्या इथं शेंबड्या पोराला पण ठाऊक. नवनाथ ओरडला, "चढा रं सगळे मागं!" आणि ज्या बाप्यांनी झोळीला खांदा द्यायचा, तेच सगळे पटापटा हौद्यात चढले. मुरमावर ही युक्ती चालते. भिजलेल्या चिकणीत नाय चालत. टेंपो वर जायच्या ऐवजी खाली रुतला, त्याचं पोट मातीला टेकलं. मग सगळे उतरून ढकलायला लागले, फांद्या घातल्या, दगड घातले, एकमेकांवर ओरडले. त्यात केवढा वेळ गेला ते देवालाच माहीत. रोहिणी माझ्या मांडीवर गप होत गेली. शेवटी काकांनी कुणाला न विचारता तिला माझ्याकडनं उचललं आणि झोळीत घातलं.

दवाखान्यात पोचलो तर सगळे धावले बिचारे, त्यांना माझा कसला बोल नाय. इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, जरा आधी आणता आलं असतं तर. मायेनंच म्हटलं त्यांनी. पण नवनाथनं ते ऐकलं.

तेव्हापासून तो एकच बोलायचा. "सुने, त्या दिवशी चिकणीवर कुठलीच गाडी चढली नसती." भाकरी पुढ्यात ठेवली की बोलायचा, अंघोळीला बसला की बोलायचा, रस्त्यात कुणी भेटलं तरी तेच. मी म्हणायची, "नसतीच चढली रं." मला राग नव्हता का? होता. भांडी आपटून आपटून माझ्या दोन टोपांना पोचे पडले. कधी वाटायचं, त्याची गचांडी धरावी आणि विचारावं, काकांचं का नाय ऐकलंस? पण तो वाळत चालला होता. कामाला जाईना, कुणाकडं बघेना. लेकरू गेलं, आता ह्याला पण घालवू का? म्हणून तो बोलायचा त्याला मी हो ला हो करत राह्यले. खरं काय नि खोटं काय, मला तेव्हा त्याचं काय पडलेलं नव्हतं.

ह्या वर्षी गाडीच्या मागं मीच लागले. काम सुरू झालं तर माणूस उभा राहील, असं माझं साधं गणित. नवनाथ पटकन हो बोलला. त्याची एकच अट. गाडी चिकणीवर चढवून बघायची, आणि श्रावणातच बघायची.

पहिली आली खोपोलीच्या दलालाची जुनी उघडी जीप. हलकी, आखूड, झाडांमधून सुटायला झकास. पण चारी चाकांना ताकद द्यायची जी छोटी दांडी असते ना गिअरच्या बाजूला, ती गंजून बसलेली. दलालानं दोन्ही हातांनी ओढली तरी हलली नाय, आणि जीप घसरत ओढ्यात. दुसरी एका फार्महाऊसवाल्याची, लांबलचक, दोन्हीकडं शिटा आणि मागं हौदा. घरकामाला आणि जंगलाला अगदी जशी पायजे तशी. पण टायर झिजून गुळगुळीत झालेले, ती आडवी होऊन बांधाला टेकली. तिसरी बघायला आमी पनवेलला शोरूममधी गेलो. तिथला टायवाला पोरगा बोलला, "नवीन गाडी चिखलात टेस्टला देत नाही, मॅडम." मी म्हटलं, मग काय गादीवर चालवून दाखवता का? ती पण राह्यली.

मला वाटलं नवनाथ हिरमुसेल. कसला हिरमुसतो! जीप ओढ्यात घसरली त्या दिवशी तो वर्षात पहिल्यांदा हसला. घरी येऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि भाजी मागून घेतली. लांबडी गाडी आडवी झाली तेव्हा तो पोशाकाकांना बोलला, "बघितलंस काका? चारी चाकांची असून नाय चढली." त्या दिवशी अंगणात बसून त्यानं कोयता पण घासला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा गाडी घ्यायला बघत नव्हता. गाडी चढत नाय हे बघायला बघत होता. एखादी चढली, तर ह्याच्या हातात काय राहील?

आणि नेमकं तेव्हा लोधिवलीच्या श्रीपतदादांचा निरोप आला. दादा आमच्यासारखीच कामं करायचे, त्यांची फोर बाय फोर सगळ्या पट्ट्यात नावाजलेली. आता गुडघ्यांनी क्लच दाबवत नाय, पोरगा मोहोपाड्याला कंपनीत, म्हणून विकायला काढलेली. ती गाडी चिकणी चढणार हे मला ठाऊक होतं. मी नवनाथला बाजाराचं कारण सांगितलं आणि तडक लोधिवली गाठली.

"जय भीम, दादा."

"जय भीम. ये गं सुनिता. गाडी बघायला आलीस?"

"गाडी उद्या वाडीवर आणा. पण चिकणीवर ती छोटी दांडी टाकू नका. मागच्या दोन चाकांवरच चालवा."

"अगं, मग अडकेल ना ती."

"अडकूच द्या."

दादा माझ्याकडं बघतच राह्यले. "मी गाडी विकायला येतोय का अडकवायला?"

मी सगळं सांगितलं. ऐकून दादांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "माझी गाडी चांगली हाय गं," ते बोलले.

"तेच तर. दादा, तुमच्या पाया पडते. गाडी दुसऱ्या कुणाला पण विका. माझा माणूस जगला पायजे."

"पाया नको पडू," दादा बोलले. "येतो मी. पण खोटं मला जमत नाय, सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस धरून होता. दादा डांबरी रस्त्यावरून हळूच खाली ओढ्यात उतरले, गाडी फिरवली आणि चढणीला लावली. अर्ध्यावर मागची चाकं फिरायला लागली, चिखल उडाला, आणि गाडी घसरत परत ओढ्याच्या काठाला आली. काकांच्या मागनं आलेले दोघं-तिघं सवयीनं मागं चढायला धावले.

"कुणी चढायचं नाय!" नवनाथ असा ओरडला, की ते जागीच थिजले.

मी त्याचा हात धरला. "चल घरी. बघितलंस ना? ही पण नाय चढली. कुठलीच नाय चढत."

त्यानं हात सोडवून घेतला. गाडीच्या तोंडाशी जाऊन बसला, पुढच्या चाकांना बोट लावून बघितलं. ती जशीच्या तशी, जागच्या जागी फिरल्याची खूणच नाय. जंगलात एवढी वर्षं गाडी चालवलेला माणूस तो, मी पण काय खुळी! उठला आणि बोलला, "दादा, दांडी टाकली नाय तुमी."

दादांनी माझ्याकडं बघितलं. नवनाथनं पण बघितलं.

"सुने, तू सांगितलंस?"

मी मान हलवली. तो रागावेल असं वाटलं, पण रागावला नाय. नुसता बोलला, "उतरा दादा."

दादा उतरले. नवनाथ बसला. मी धावत जाऊन दुसऱ्या बाजूनं बसले, त्याला एकटा सोडायची माझी छाती नव्हती. त्यानं छोटी दांडी ओढली, पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. मी मनात बोलत होते, अडक गं बाई, अडक, तुझ्या पाया पडते, अडक.

म्हैस पाण्यातनं वर येते ना, तशी आली ती. घाई नाय, धडपड नाय. टेंपो जिथं रुतला होता ती जागा आली आणि मागं पडली, मला नीट बघता पण आली नाय. आणि डांबर लागलं.

एवढंच होतं. एवढ्याशासाठी माझी पोर गेली.

मला वाटलं, तो थांबेल. तो थांबला नाय. मी बोलले, "अरे, दादांची गाडी हाय." त्यानं वरचा गिअर टाकला. वळणं मागून वळणं गेली, पावसाचं पाणी काचेवरून वाहत होतं, आणि कुठं वळायचं ते त्याचं ठरलेलं होतं. मी ओळखलं, आणि पदर तोंडात कोंबला.

दवाखान्याच्या गेटात त्यानं गाडी उभी केली. उतरला, फिरून माझ्या बाजूला आला आणि मागचं दार उघडून उभा राह्यला. वॉचमन चाकाची खुर्ची ढकलत पावसात धावत आला.

"पेशंट कुठंय?"

नवनाथ रिकाम्या शिटाकडं बघत होता. "पेशंट नाय," तो बोलला. "गाडी बघतोय. वेळेत पोचते का."

"मग पोचली की," वॉचमन बोलला. त्याला काय माहीत? भला माणूस, खुर्ची वळवून निघून गेला.

दाराला धरून नवनाथ तिथंच ओल्यात खाली बसला. "चढली गं सुने," तो बोलला, "चढली गं," आणि पोरासारखा रडायला लागला. वर्षभर मी नसतीच चढली म्हणत आले, आता तसं म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं. मी उतरले आणि त्याच्या शेजारी बसले. त्याचं डोकं छातीशी घेतलं आणि बोलले, "चढली रं. त्या दिवशी पण चढली असती. पण आपल्याकडं नव्हती रं ती, नवनाथ, आपल्याकडं नव्हती." मग मला पण आवरलं नाय. येणारे-जाणारे बघत होते. रोहिणी गेल्यापासून आमी दोघं एका जागी बसून कधी रडलो नव्हतो.