लवू सारंगाचा वाडगा

विजयदुर्गच्या बंदरावर लवू तांडेलला सगळे लवू सारंग म्हणायचे. परदेशी मालवाहू बोटींवर खलाशांचा मुकादम म्हणून त्याने तीस वर्षं काढली होती. बाकीचे खलाशी घरी येताना टेपरेकॉर्डर आणत, अत्तराच्या बाटल्या आणत. लवू आणायचा जपानी चहाची भांडी.

हा नाद त्याला लागला तो एका दुरुस्तीमुळे. बोट जपानात शिमोनोसेकीच्या गोदीत तीन आठवडे अडकली होती. तिथून दोन तासांवर हागी नावाचं कुंभारांचं गाव. (हे नाव लवूने बंदरावर एकदाच घेतलं. माणसं दोन दिवस हसत होती. त्यानंतर तो नुसतं ‘थंयचो गाव’ म्हणायचा.) तिथल्या एका कुंभाराने त्याला फिक्या मलईच्या रंगाचा एक वाडगा दाखवला. चहा घुसळून दोन्ही हातांनी धरून प्यायचा वाडगा. कुंभार दुभाष्याकडून म्हणाला, “नवा आहे तोवर तळातून पाणी झिरपेल. रोज यातून चहा प्या. झिलईच्या बारीक चिरांत चहा बसत जाईल, झिरपणं थांबेल, रंग पालटेल. पण घाई करू नका.”

लवूने घाई केली नाही. एकोणतीस वर्षं तो, बोटीवर असो की घरी, रोज दुपारी त्याच वाडग्यातून चहा पीत आला. हिरव्या चहाची पूड मिळाली तर ती, नाहीतर साधा कोरा चहा. झिरपणं चार वर्षांतच थांबलं. मलईचा रंग हळूहळू काजूच्या टरफलाकडे झुकला आणि आतून बारीक तपकिरी जाळं उमटलं. मधल्या काळात त्याच्याकडे आणखी आठ वस्तू जमल्या होत्या. हस्तिदंती झाकणाची दोनशे वर्षांपूर्वीची चहाची चिमुकली बरणी होती, बांबूचा चमचा होता, हयात कुंभारांचे तीन नवे वाडगे होते. पाहुणे बरणीपाशी थबकत. लवू मात्र वाडगा पुढे करायचा. “बरणी जुनी विकत घेतलेली,” तो म्हणायचा. “ह्यो वाडगो मी स्वता जुनो केलंय. डोळे बांधलास तरी हातात घेवन वळखीन.”

गेल्या डिसेंबरात वर्षालीचा फोन आला. वर्षाली लवूच्या जुन्या सोबत्याची मुलगी. कुडाळला मातीकाम शिकवायची. खलाशांच्या घरांतल्या परदेशी वस्तू गोळा करून ती मालवणात पंधरा दिवसांचं प्रदर्शन भरवणार होती. लवूने एरवी वाडगा कुणाला घराबाहेर नेऊ दिला नसता, पण पोर डोळ्यांसमोर वाढलेली. त्याने हो म्हटलं. ती न्यायला आली तेव्हा लवू दोन दिवस कणकवलीला बहिणीकडे बारशाला गेला होता. वाडगा लाकडी डब्यात घालून बायकोनेच, तुळसाने, वर्षालीच्या हाती दिला.

प्रदर्शनाचे फोटो लवूने मोबाइलवर पाहिले. काचेच्या पेटीत वाडगा, वर पिवळा उजेड. एका फोटोत कुणी अनोळखी माणूस पेटीवर वाकला होता.

पंधरा दिवसांनी वर्षाली स्वतः स्कूटरवरून डबा घेऊन आली. घाईत होती. “काका, लोकांका तुमचोच वाडगो सगळ्यांत आवाडलो,” म्हणाली आणि चहाही न घेता गेली.

लवूने डब्याची फीत सोडली, वाडगा उचलला आणि तसाच धरून बसला. रंग फिका होता. आतलं जाळं पुसट, जेमतेम दिसण्यासारखं. त्याने तो खिडकीशी नेला, अंगणात नेला. उन्हात आणखीच फिका दिसला. मग त्यात गरम पाणी ओतून टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिला. दहा मिनिटांनी उचलला, तर लाकडावर ओलं वर्तुळ.

पंचवीस वर्षांत असं वर्तुळ उठलं नव्हतं.

“तुळसा,” त्याने हाक मारली. “ह्यो वाडगो माझो नाय.”

तुळसा दारात आली, वर्तुळाकडे पाहिलं. “असा कसा जायत?” एवढंच म्हणाली आणि आत गेली. मागच्या पडवीत निवडायचे कुळीथ राहिले होते म्हणे.

लवूने वाडगा पालथा घातला. तळाच्या कडेला कुंभाराने पाडलेली खाच होती. पण खाच काय, नक्कल करणारा तीही पाडतो. जपानात त्याने हुबेहूब नकला पाहिल्या होत्या, विकणाऱ्याचं तोंड साखरेसारखं गोड. आणि वर्षालीला मातीकाम येत होतं. हा विचार मनात आला तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली. पण एकदा आला तो गेला नाही. चहा न घेता का गेली? इतकी कसली घाई?

त्याने फोन लावला. “पेटी कोणी उघडलेली काय गो?”

“नाय काका. कुलूप होता. चावी माझ्याकडेच.” ती क्षणभर थांबली. “कित्याक?”

ते थांबणं लवूला खुपलं. “असाच,” म्हणून त्याने फोन ठेवला.

दोन दिवस तो बंदरावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी मालवणचा एक ओळखीचा भेटला, तो सहज बोलून गेला की गोव्याचा चंदन नावाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी प्रदर्शनात तीनदा आला होता आणि लवूच्या वाडग्याचीच चौकशी करत होता. लवूने मोबाइलवरचा फोटो काढून दाखवला. तोच माणूस. वर्षालीने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. लवूच्या मनात आता सगळ्या गाठी पक्क्या बसल्या. व्यापारी गिऱ्हाईक, वर्षाली कारागीर, चावी तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने तो निघाला, देवगडला गाडी बदलली आणि दहा-साडेदहाला मालवणात उतरला. हॉलमध्ये वर्षाली वस्तू बांधत होती. लवूने वाडगा मालवणापुरताच दिला होता, बाकीचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात पिंगुळीला जाणार होतं. वस्तूंचे चार-पाच मालक तिथेच गप्पा मारत बसले होते. कोळणींत नाव असलेली कृष्णाबाईही होती. तिच्या नवऱ्याने बसऱ्याहून आणलेली काचेची सुरई प्रदर्शनात होती.

लवूने डबा टेबलावर ठेवला. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आला होता, पण ते जमलं नाही.

“माझो वाडगो खंय आसा?”

वर्षालीला कळेना. “ह्योच तो, काका.”

“ह्यो माझो नाय. ह्यो पाणी सोडता. चंदनाक कितक्याक विकलंस ता माका सांग.”

गप्पा मारणाऱ्यांनी माना वळवल्या. वर्षालीचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ती बोलली तेव्हा मालवणी सोडून बोलली, कचेरीत बोलतात तशी. “चंदन तीनदा आले होते. वस्तू विकायची नाही असं मी त्यांना तिन्ही वेळा सांगितलं. तुम्हाला त्रास नको म्हणून कळवलं नाही. काका, तुम्ही मला चोर म्हणताय, हे तुम्हाला समजतंय ना?”

“मी वाडगो मागतंय. चार दिसांत मिळाक होयो. नायतर पोलिसांत जातलंय.”

तो डबा उचलून पाठ फिरवून निघाला. मागून कृष्णाबाईचा आवाज आला, “गो चेडवा, माझी सुरई दी बघया. आजच नेतंय.”

संध्याकाळी लवूने तुळसाला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, “सोमवारी तक्रार देतंय.”

तुळसा भात वेळत होती. तिने भांडं खाली ठेवलं.

“पोलिसांत जाव नकात.”

“कित्याक?”

“वाडगो तोच आसा.”

तुळसा त्याच्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत एका दमात बोलली, “तुमी कणकवलेक गेल्लात तेवा मी तो ब्लीचच्या पाण्यात घालून ठेवलंय. बुधवारी सकाळधरना, दुसऱ्या दिसा ती येयसर. आतमधे किती डाग होते! मालवणातली लोका काचेतसून बगतली. म्हणतली, तुळसाच्या घरात चायचे वाडगे धुयत नाय. डाग गेले तसा माका बरा वाटला.”

“आणि माका आदी कित्याक सांगूक नाय?”

“तुमी ओल्या वर्तुळाचा बोल्लात तेवा माका काय्येक समाजला नाय. धुतल्यार वाडगो गळता ह्या माका काय म्हायत? मगे तुमी त्या चेडवाक फोन करून इचारलात, आणि तुमचा तोंड बगून माका भय वाटला. आज सांगीन, उद्या सांगीन म्हणत रवलंय.”

लवूने वाडगा हातात घेतला. खाच तीच होती. कडेला अंगठा टेकतो तिथला किंचित खोलगट भागही तोच. चार दिवस त्याचा अंगठा तिथे बसत होता, आणि तरी त्याने ओळखलं नव्हतं. एकोणतीस वर्षांचा चहा एका दिवसात धुऊन गेला, याचं दुःख मोठं होतं. स्वतःचा वाडगा न ओळखता पोरीला चोर ठरवल्याचं त्याहून मोठं होतं, आणि ते त्याला तुळसावर ढकलता येत नव्हतं. तो ओरडला नाही. पण जेवलाही नाही. तुळसाही ताट झाकून तशीच बसून राहिली.

सकाळी लवू पायात चप्पल घालत होता, तर तुळसा लुगडं बदलून दारात उभी.

“तू खंय?”

“मालवणाक. माझ्या तोंडान सांगतंय. तुमी सांगशात तर चेडवाक वाटतला, माझ्यार ढकलतत.”

वर्षालीने मालवणातल्या तिच्या खोलीचं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. उंबऱ्याबाहेरच तुळसाने सगळं सांगितलं. मध्ये एकदा तिचं रडू फुटलं. वर्षालीने तिला पाणी आणून दिलं आणि खुर्चीवर बसवलं. लवू उभाच राहिला.

“माझी चूक झाली गो,” तो म्हणाला. “चार माणसांत बोल्लंय.”

“चार माणसांनी काल वस्तू परत नेल्या,” वर्षाली म्हणाली. अजून कचेरीतलंच मराठी. “पिंगुळीच्या लोकांचा सकाळीच फोन आला. प्रदर्शन घ्यायचं की नाही, त्याचा विचार करतायत म्हणे.”

“ती चार घरा माका दाखव. मी जातंय. माझ्याच तोंडान सांगतंय.”

वर्षालीने ओढणी घेतली आणि दाराला कुलूप लावलं. वाटेत ती तुळसाबरोबर चालली, लवू मागून डबा घेऊन. वर्षालीने एकदाच मान वळवून विचारलं, “ब्लीच म्हणजे हायपोक्लोराइट होतं का? वास आला होता मला, डबा उघडला तेव्हा. मला वाटलं लाकडाचा.” लवूने मान डोलावली.

पहिलं घर कृष्णाबाईचं. ती पाटावर बसून सुरमई कापत होती. लवू अंगणातच थांबला आणि जे घडलं ते सरळ सांगितलं. काही गाळलं नाही. वर्षालीने चोरी केली नव्हती, तो वाडगा त्याचाच होता आणि त्यालाच तो ओळखता आला नव्हता, हेही सांगितलं.

कृष्णाबाईने कोयता थांबवला नाही. एक तुकडी कापून टोपल्यात टाकली, दुसरी टाकली.

“लवू,” ती म्हणाली, “काल तू हॉलात बोल्लंस तेवा माका खरा वाटला. सारंग म्हणान. तुझो शबुद म्हणान.” मग हात धुतले, पदराला पुसले आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा जुन्या साडीत गुंडाळलेली सुरई तिच्या कुशीत होती. लवूने हात पुढे केले.

“तुझ्या हातात नाय,” कृष्णाबाई म्हणाली आणि सुरई वर्षालीकडे दिली. “सांबाळून ने गो बाय. आणि पिंगुळेक फोन कर, माका दी. मी बोलतंय तेंच्याशी.”

वर्षालीने फोन लावून तिच्या हाती दिला. कृष्णाबाई अंगणात येरझारा घालत मोठ्याने बोलत राहिली. लवू आणि तुळसा माडाच्या आळ्याशेजारी उभे होते. अजून तीन घरं बाकी होती.

“पुढचा घर खंयचा?” लवूने विचारलं.

“मेढ्यार,” वर्षाली म्हणाली. “वायच लांब आसा. रिक्षा करूया.”